अडीच की पावणेतीन? जुन्या दुनळीचं चेंबर मोजताना झालेली फजिती

परवा एका जुन्या बारा बोअर दुनळीचं चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, मी स्टीलच्या पट्टीनं मोजलं, ७३ मिमी आलं आणि मी जाम खूश झालो, कारण ७३ म्हणजे ७० पेक्षा जास्त, म्हणजे पावणेतीन इंची काडतूस आरामात चालणार, विषय संपला. काका शेजारीच दुसऱ्या बंदुकीचं लॉक पुसत बसले होते, त्यांनी मान वर न करता विचारलं, "पट्टी किती रुंद आहे रे तुझी?"

मला वाटलं लांबी विचारतायत. म्हटलं सहा इंची.

"रुंदी विचारतोय, रुंदी."

मोजली तर १९ मिमी. काका म्हणाले, "मग तू चेंबर मोजलंच नाहीस, चेंबरच्या पुढचं काहीतरी मोजलंयस." आणि परत लॉक पुसायला लागले. अर्धा तास मला काही कळेना, मग कागदावर चित्र काढलं आणि घामच फुटला. ते चेंबर ७३ चं नव्हतंच, ६५ चं होतं, ज्याला अडीच इंची म्हणतात ते.

कसं ते सांगतो, पण त्याआधी मुळात एवढी लांबीची भानगड कशाला ते बघू, कारण "काडतूस आत बसतंय ना, मग चालतं" असं म्हणणारे लोक मला दर महिन्याला भेटतात आणि ते मनापासून म्हणतात हीच खरी पंचाईत आहे.

काडतुसावर जी लांबी लिहिलेली असते ती भरलेल्या काडतुसाची नसतेच. ती उडवून झाल्यावर तोंड पूर्ण उघडलेल्या पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या नळकांड्याची असते. ७० मिमी म्हणजे पावणेतीन इंच लिहिलेलं काडतूस घ्या, तोंडाला पाकळ्यांसारख्या घड्या घालून बंद केलेलं असेल तर कॅलिपरवर ते साधारण ५८ ते ६० मिमीच भरतं. मग ६५ च्या चेंबरात ते बसणारच की! नुसतं बसणार नाही, पुढे जागा उरल्यासारखं वाटेल, बंदूक मस्त बंद होईल, कुठे अडकणार नाही. भानगड बार उडाल्यावर. घड्या उलगडतात आणि पुंगळीचं तोंड पुढे सरकतं, पण पुढे चेंबर संपलेलं असतं आणि नळी निमुळती व्हायला लागलेली असते, तेव्हा ते तोंड त्या निमुळत्या भागात जाऊन बसतं आणि मागून येणाऱ्या वॅडला (दारू आणि छऱ्यांमधलं बूच) आणि छर्‍यांना त्या चिंचोळ्या जागेतून घुसावं लागतं. दाब वाढतो. किती वाढेल ते काडतुसात काय भरलंय, पुंगळी किती जाड आहे, नळी पुढे किती लवकर निमुळती होते यावर असतं, म्हणून एकाच बंदुकीत एकाला काहीच जाणवत नाही आणि दुसऱ्याच्या खांद्याला जबर धक्का बसतो. उडवलेल्या पुंगळ्या बाहेर काढून तोंड बघा, कडा फाटलेल्या, झालरीसारख्या, करपलेल्या दिसल्या तर तीच सूचना आहे.

आता तो निमुळता भाग. त्याला फोर्सिंग कोन म्हणतात, कोन म्हणजे भूमितीतला नाही, नरसाळ्यातला. बारा बोअरचं चेंबर मागच्या बाजूला साधारण २०.६ मिमी व्यासाचं असतं आणि पुढे जाईपर्यंत अगदी थोडं कमी होत २०.३ च्या आसपास येतं. तिथे चेंबर संपतं. तिथून नरसाळं सुरू होतं आणि १८.५ मिमीच्या नळीपर्यंत उतरतं. (बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास तो, ०.७२९ इंच, हे बहुतेकांना माहीत असतं.) हल्लीच्या बंदुकांत हे नरसाळं लांब आणि हळूहळू उतरणारं असतं, जुन्यांत मात्र आखूड आणि एकदम उतरणारं, सेंटिमीटरभराचं.

आता माझी १९ मिमीची पट्टी त्यात सरकवा. चेंबर जिथे संपतं तिथे ती अडणार नाही, कारण तिथे २०.३ ची जागा आहे. ती जाणार पुढे, नरसाळ्यात, आणि जिथे नळी १९ ची होते तिथे जाऊन टेकणार. २०.३ पासून १८.५ पर्यंत ११ मिमीत उतरत असेल तर १९ ची जागा येते सुरुवातीपासून साधारण ८ मिमीवर. ६५ अधिक ८, ७३. बरोब्बर! आणि वाईट काय तर चूक धोक्याच्या बाजूलाच होते, म्हणजे पट्टी कधीच आखूड दाखवणार नाही, दाखवलं तर लांबच दाखवेल, आणि मी छातीठोकपणे म्हणणार की पावणेतीन आहे, घाला.

ही पट्टीची ट्रिक मला कुणी शिकवली ते आता आठवत नाही, पण ती इतक्या लोकांना माहीत आहे की मी कधी शंकाच घेतली नाही.

मग बरोबर कसं मोजायचं? खरं साधन म्हणजे चेंबर गेज. पितळी किंवा स्टीलचा गोल दांडा, चेंबर जिथे संपतं तिथल्या व्यासाला घासलेला, त्यावर अडीच, पावणेतीन, तीन इंचांच्या रेघा. हातानं अलगद सरकवायचा, जिथे थांबेल तिथे नळीच्या मागच्या तोंडाशी कुठली रेघ आली ते वाचायचं. जोर लावायचा नाही. माझ्याकडे तो नव्हता, म्हणून काकांनी एक जुनं प्लास्टिक कार्ड कापून दिलं, कॅलिपरनं मोजून बरोब्बर २०.२ मिमी रुंद, कोपरे काटकोनात. हे कार्ड नरसाळ्यात अर्धा-पाऊण मिलिमीटरच्या वर जाऊच शकत नाही. सरकवलं, टेकलं, नळीच्या तोंडाशी पेनानं रेघ मारली, काढून मोजलं. ६५.५.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. एक, लांबी मोजायची ती नळीच्या अगदी मागच्या तोंडापासून, काडतुसाच्या बुडाची कड बसण्यासाठी जी खाच असते तिच्या पायरीपासून नाही. ती खाच बारा बोअरमध्ये पावणेदोन-दोन मिमी खोल असते आणि ती लांबीत धरलेली असते, पायरीपासून मोजलं तर ६५ चं ६३ येईल आणि तुम्ही उगाच कपाळाला हात लावाल. दुसरं एक्स्ट्रॅक्टर, काडतूस मागे उचलून देणारा भाग. नळीच्या मागच्या तोंडाचा एक तुकडा म्हणजे एक्स्ट्रॅक्टरच असतो, तो जरा वर उचललेला राहिला आणि तुम्ही त्याच्यापासून मोजलं तर माप गेलं बोंबलत. तो आत दाबून, नळीच्या घट्ट भागापासून मोजायचं. नळ्या बंदुकीपासून सोडवून, दोन्हीतून आरपार उजेड बघून मगच हात घालायचा हे सांगायला नको, तरी सांगतो.

मला वाटलं झालं काम. काका म्हणाले, "उजवी झाली. डावी?"

अरे एकाच बंदुकीच्या दोन नळ्या, एकाच कारखान्यात एकाच दिवशी केलेल्या असणार, डावी वेगळी कशाला येईल? पण मोजली. ६९.

परत मोजली. ६९.

इथून पुढे त्या बंदुकीचा इतिहास शोधायची वेळ आली, म्हणून आम्ही पुढचं लाकूड काढून नळ्या उलट्या केल्या आणि खालच्या सपाट भागावरचे शिक्के भिंगाखाली घेतले. बंदूक ब्रिटिश होती. ब्रिटनमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम अशी दोन प्रूफ हाऊसेस, बर्मिंगहॅमचं १८१३ च्या कायद्यानं सुरू झालं, लंडनचं त्याच्या कितीतरी आधीचं, आणि प्रत्येक नळीत ठरल्यापेक्षा जास्त दारू भरून बार उडवून बघायचा, टिकली तर शिक्का, हा त्यांचा धंदा. वेगवेगळ्या काळात नियम बदलत गेले, म्हणून शिक्के वाचता आले की बंदुकीचं वयही ढोबळमानानं कळतं.

आमच्या नळीवर चौकटीच्या आकाराच्या खुणेत १२ आणि त्याखाली सी होता. काका हसले, "हा सी म्हणजे चोक, असं मी वीस वर्षं समजत होतो." तो चोक, म्हणजे नळीच्या पुढच्या तोंडाचा आवळलेला भाग नाही, चेंबर. १८८७ ते १९२५ या काळातल्या शिक्क्यांत हा दिसतो आणि त्याचा अर्थ एवढाच की चेंबर बारा बोअरचं आहे. लांबी किती? बोलतच नाही! चेंबर तीन इंची किंवा त्याहून लांब असेल तर सी ऐवजी एलसी मारायचे, म्हणजे नुसता सी असला तर तीन इंचांपेक्षा कमी एवढंच समजायचं, अडीच की पावणेतीन हे तुमचं तुम्ही बघा. त्या काळच्या शिकारीच्या हलक्या ब्रिटिश दुनळ्या बहुतेक अडीच इंची असायच्या, पण बदकांसाठीच्या जड बंदुका लांब चेंबरच्याही केल्या जायच्या, म्हणून वयावरून अंदाज बांधता येतो, काडतूस निवडता येत नाही. लांबी आकड्यात मारायला लागले १९२५ च्या नियमांनंतर.

शेजारीच १३ हा आकडा होता आणि त्यानं मला आधी पाच मिनिटं भंजाळून सोडलं होतं, तेरा बोअरची बंदूक कुठून आली? तर तो आकडा चेंबरचा नाही, नळीच्या आतल्या व्यासाचा. मागच्या तोंडापासून नऊ इंचांवर घेतलेला. १३ म्हणजे ०.७१० इंच, १२ म्हणजे ०.७२९, आणि मधेमध्ये १३/१, १२/१ असे तिरकी रेघ दिलेले आकडेही असतात. बनवणारे नळी जरा तंग ठेवायचे, म्हणून बारा बोअरच्या बंदुकीत १३ दिसणं अगदी नेहमीचं. काडतूस बाराचंच घालायचं.

१९५४ पासून टनांचा शिक्का आला, दर चौरस इंचाला इतके टन. ३ टन असेल तर बहुतेक वेळा अडीच इंची चेंबर, सव्वातीन टन असेल तर पावणेतीन, ४ टन म्हणजे तीन इंची मॅग्नम, जास्त जोराच्या काडतुसाचं. इथे एक गंमत, हिशोबी लोक लगेच ३ गुणिले २२४० करतात, ६७२० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) येतं, आणि मग अमेरिकन पावणेतीन इंची काडतुसाची ११,५०० पीएसआयची मर्यादा बघून ओरडतात की जवळजवळ दुप्पट! दोन्ही आकडे वेगवेगळ्या पद्धतीनं मोजलेले आहेत, जुने टन धातूचा तुकडा किती चेपला यावरून, आताचे विजेच्या सेन्सरवरून, त्यामुळे नुसता गुणाकार करून तुलना होत नाही. म्हणून काही बिनधास्त घाला असा अर्थ नाही, फक्त हिशोब असा करू नका. १९८९ मध्ये सगळं मेट्रिक झालं, मग दाब बार या एककात आणि लांबी मिमीत, ६५ नाहीतर ७० सरळ लिहिलेलं. डोक्याला ताप नाही.

बाकी देशांचं थोडक्यात. बेल्जियमच्या नळ्यांवर लंबगोलात ईएलजी अशी अक्षरं असतात, ते लीएजचं प्रूफ, त्यातल्या जुन्यांवर नुसता बोअर आणि नंतरच्यांवर १२-६५, १२-७० असं लिहिलेलं. तिथे १८.२, १७.४ असे आकडेही दिसतात, ते नळीचे आणि चोकचे मिमी आहेत, चेंबरशी संबंध नाही. जुन्या जर्मन बंदुकांवर गोलात १२ किंवा १६ असतो आणि लांबी बऱ्याचदा नसतेच, अशा वेळी मोजून खात्री होईपर्यंत ६५ च धरायचं. ४२८ सारखा आकडा दिसला तर तो एप्रिल १९२८, प्रूफची तारीख, त्याचा अर्थ लावत डोकं फोडू नका. स्पॅनिश आणि इटालियन, त्यातल्या त्यात नवीन, सरळ वाचता येतात.

अमेरिकन बंदुका मात्र वेगळंच प्रकरण. तिथे सरकारी प्रूफ हाऊसच नाही, त्यामुळे जुन्या दुनळीवर कंपनीच्या खुणा असतात आणि चेंबरच्या लांबीबद्दल सगळा शुकशुकाट. वर तिथले काही कारखाने काडतुसापेक्षा चेंबर मुद्दाम एक अष्टमांश इंच आखूड ठेवायचे, कारण कागदी पुंगळीचं तोंड जरासं नरसाळ्यात शिरलं की गॅस चांगला अडतो असा त्यांचा हिशोब होता. म्हणजे तिथे २ ५/८ इंच मापलं तर ते कारखान्यातूनच तसं आलेलं असू शकतं. आणि अमेरिकेतलं जुनं १६ गेज (गेज म्हणजे तिकडचं बोअरच) २ ९/१६ इंची, म्हणजे ६५ मिमीच. ब्राउनिंग ऑटो-५ या आपोआप भरणाऱ्या एकनळीच्या सुरुवातीच्या १६ गेजच्या बंदुका अशाच आहेत, त्यात आजचं ७० मिमीचं काडतूस घातलं तर दाबाचं सोडाच, उडालेली पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीपेक्षा लांब होते आणि तिथेच अडकते. एका अर्थी ती बंदूक तुम्हाला स्वतःहून सांगते. दुनळी बिचारी काही सांगत नाही.

आता आमची डावी नळी. शिक्का दोन्हीकडे तोच, १२ आणि सी, पण एक ६५.५ आणि एक ६९. दोन शक्यता होत्या. एक तर कुणीतरी रीमर (गोल फिरवून भोक मोठं करायचं हत्यार) घालून चेंबर लांबवलंय, किंवा नरसाळ्याच्या सुरुवातीला गंजाचे खड्डे पडले होते आणि ते घासून काढताना तिथला व्यास वाढला, म्हणून कार्ड पुढे जातंय. कार्डावरून हे कळत नाही, कार्डाला फक्त अडणं माहीत. आत बॅटरी मारून बघितलं तर चांगल्या चेंबरच्या शेवटी सावलीची एक स्पष्ट कडी दिसते, उजवीत ती होती, डावीत जागा धूसर होती आणि दोन-तीन बारीक गोल ओरखडे होते.

मग साचा घ्यायचं ठरलं. त्यासाठी सेरोसेफ नावाचा धातू मिळतो, बिस्मथवाला, ७० अंशांना वितळायला लागतो आणि ८८ पर्यंत पूर्ण पातळ होतो, म्हणजे गरम पाण्यातही वितळतो. एक्स्ट्रॅक्टर काढला, नरसाळ्याच्या पुढे नळीत कापडाचा घट्ट बोळा बसवला, आतून तेलाचा अगदी पातळ हात फिरवला, नळी जराशी कोमट केली आणि ओतलं. हा धातू आधी थोडा आकसतो, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासाच्या आत काढला तर सहज निघतो, आणि नंतर हळूहळू फुगतो, तासाभरानं त्याचं माप चेंबरच्या मापाशी जुळतं. विसरून दोन दिवस ठेवलात तर मापात फरक पडणार. आम्ही वीस मिनिटांनी हलकेच ढकलला आणि ती चकचकीत राखाडी दांडी हातात आली तेव्हा मला एकदम लहान मुलासारखा आनंद झाला, खरंच, अख्खं चेंबर उलटं होऊन टेबलावर पडलेलं, खाच, उतार, नरसाळं, सगळं.

तासाभरानं कॅलिपर लावला. मागून ६५ पर्यंत व्यास हळूहळू कमी होत २०.३ आला, अगदी उजव्या नळीसारखाच, आणि तिथून ६९ पर्यंत तो कमी व्हायच्या ऐवजी २०.३ वरच राहिला, एका बाजूला तर २०.४, मग नरसाळं सुरू. रीमरनं गोल सारखं कापलं असतं, हे एका अंगाला जास्त होतं. म्हणजे कुणीतरी हातानं, पॉलिश करायच्या नावाखाली, खड्डे घासत बसलेलं. चार मिमीचा पट्टा, बरोबर त्या जागी जिथे नळीवर दाब प्रचंड असतो, तिथलं पोलाद कमी झालेलं, आणि पुन्हा प्रूफ केल्याचा कुठलाच शिक्का नाही. ब्रिटनमध्ये अशी नळी प्रूफबाहेर, म्हणजे शिक्क्याच्या मापाबाहेर गेली तर पुन्हा प्रूफ केल्याशिवाय बंदूक विकणं गुन्हा आहे, हे काम ज्यानं केलं त्यानं ते कुणाला सांगितलं असेल असं वाटत नाही.

मी विचारलं, मग ६७ चं काडतूस? कारण ६७ आणि ६७.५ मिमीची काडतुसं मिळतात आणि डब्यावर ६५ च्या चेंबरला चालतील असं लिहिलेलं असतं, त्यांचा दाब तसा ठेवलेला असतो, अडीच मिमी जास्त पुंगळी नरसाळ्यात गेली तरी फरक पडू नये म्हणून. काका म्हणाले, "उजवीत चालेल, आधी नळीच्या भिंतीची जाडी मोजू दे. डावीत आत्ता काहीच नाही." मोठ्यांचं असंच असतं, ते कधी पूर्ण हो म्हणत नाहीत, पण इथे मला ते पटलं, कारण चेंबरची लांबी कळली म्हणून नळीची जाडी कळत नाही आणि ती मोजायला आमच्याकडे साधन नव्हतं.

नळ्या आता जाडी मोजायला एका गनस्मिथकडे गेल्या आहेत, सोबत साच्याची दांडी कापसात गुंडाळून, वर चिठ्ठी, "डावी, ओतल्यावर १ तासानं मोजलेली". माझी स्टीलची पट्टी काकांनी परत दिली, त्यावर काळ्या मार्करनं लिहून: १९ मिमी, फक्त कागदावर.